टिचकीभाऊंची बोटं

टिचकीभाऊंनी पहिल्याच भेटीत मला तपासून घेतलं. नवा स्टोअरकीपर म्हणून मी कारखान्यात शिरलो, डोक्यावर कोरं पिवळं हेल्मेट, आणि समोरून एक काडीपैलवान सम्राटाच्या थाटात चालत आला. त्याने माझ्या हेल्मेटवर अशी टिचकी मारली की पलीकडच्या दोन गावांत लोकांनी दारं उघडून पाहिलं असावं. मग कान जवळ आणून तो बराच वेळ ऐकत राहिला.

"आत पोकळ आहे," निकाल लागला, "पण तडा नाही. चालेल."

भाऊ प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, डब्यांची स्टीलची झाकणं काढत. प्रत्येक झाकणाला टिचकी. चांगलं झाकण लांबवर टिंग करत जाई. तडा असेल तर नुसतं टक. सुट्टीनंतरही त्यांच्या कानात ती टिंग तरंगत असे. बोलता बोलता मान कलती करून ते हरवायचे, आणि आम्ही त्यांचं बोलणं परत येण्याची वाट बघायचो.

प्रेसला बटणं दोन. दोन्ही हात बटणांवर असले तरच ती खाली यायची, म्हणजे हात आत राहायला नको. पण मग टिचकी कोणत्या हाताने मारायची? आमच्याकडे सगळ्यांनी एका बटणात आगकाडी खोचून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. ती काडी सुपरवायझरला कधी दिसली नाही. संध्याकाळी फुगलेला झाकणांचा आकडा मात्र लांबूनही दिसायचा. भाऊ तर झाकण साच्यात असतानाच वाजवत. "गरम गरम ऐकावं," म्हणायचे.

एका मंगळवारी उजवा हात आत असताना डावं कोपर दुसऱ्या बटणाला लागलं. तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

दवाखान्यात मी गेलो तेव्हा पट्टीचा हात उशीवर पाहुण्यासारखा ठेवला होता. भाऊ पुटपुटले, "बोटं आहेत हो. खाजतायत. मघाशी टिचकीसुद्धा मारली."

"कशावर?"

"ते नाही कळलं. पण टिंग आली."

पुढे घरी दुपारभर ते खिडकीत बसून उजव्या हाताने हवेला टिचक्या मारत. वहिनी म्हणायच्या, "वाऱ्याला तडा गेलाय का बघतायत." मग डाव्या हाताचा सराव सुरू झाला. पातेली, वाट्या, बादली, शेजाऱ्यांच्या सायकलची घंटा; काही सुटलं नाही.

"माझा कुकर पास झाला का?" वहिनींनी विचारलं.

"कुकर पास. झाकण काठावर."

"मग तुम्हीच जेवा काठावर."

हसता हसता वहिनींनी डोळे पुसले. भाऊंना एकच हवं होतं: प्रेस नको तर नको, पण तपासणीच्या टेबलावर झाकणांजवळ बसायला मिळावं. कारखान्याचे साहेब म्हणाले, परीक्षा घेऊ.

टेबलावर बारा झाकणं मांडली. त्यातली दोन तडकलेली आहेत, हे फक्त साहेबांना माहीत. भाऊंनी डोळे मिटले आणि आधी उजवा हात पुढे केला. नसलेल्या बोटांनी एकेका झाकणावर, जरा वरच, टिचकी मारली. काहीच वाजलं नाही. तरी त्यांची मान कलली, आणि शपथेवर सांगतो, मलाही लांबून कुठून तरी टिंग आल्यासारखी वाटली. मग डाव्या हाताने खरी फेरी केली आणि तीन झाकणं बाजूला काढली.

"दोनच आहेत, भाऊ," साहेब हळहळून म्हणाले.

"तिसऱ्याला भिंग लावा."

भिंग लावलं. काठाला केसाएवढा तडा होता. सगळ्या खात्याने टाळ्या पिटल्या, साहेबांनीसुद्धा. भाऊ ओठ दाबून छताकडे बघत होते.

टेबलावरच्या कामाच्या फॉर्ममध्ये 'दोन्ही हात पूर्ण' असा एक रकाना होता. सोमवारपासून भाऊंना गेटवर बसवलं. निवृत्तीपर्यंत, नऊ वर्षं, ते तिथेच होते.