शेपटीखालचा टेकू

ते विमान आजही आठवतं, आणि आठवतं तेव्हा नाक वर करूनच येतं. मी सिल्वासा पोलीस ठाण्यात होतो. अथालकडच्या एका आवारात जुनं मालवाहू विमान आणून ठेवलं होतं. ते उडत नसे. विमानात माल कसा चढवायचा-उतरवायचा हे तरुणांना त्यावर शिकवत. मालाच्या जागी वाळूची पोती असत.

खंडेनवमीला भर दुपारी तिथून फोन आला. सगळे शेजारच्या शेडमध्ये आरतीला उभे असताना, आत कोणी नसताना, विमानानं नाक उचललं आणि शेपटी जमिनीवर बसली. शेपटीच्या सावलीत डबा खाऊन आडवा झालेला पहारेकरी तिच्याखाली सापडला. शिकणाऱ्या मुलांनी पुढच्या भागात पोती टाकून विमान सरळ केलं, त्याला बाहेर काढून दवाखान्यात नेलं, पण जीव गेला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा नाकावर झेंडूचा हार होता आणि शेपटीखाली लोखंडी टेकू जागच्या जागी उभा होता. हा टेकू असला की शेपटी खाली येऊच शकत नाही. मग आली कशी? जबाब देताना एकेक मुलगा विमानाकडे पाठ करून बसे. "सर, टाइम खराब होता, बाराचा," एवढंच बोले. माझा हवालदार लांबूनच विमानाला हात जोडून आला. काटा माझ्याही अंगावर आला, खोटं कशाला बोलू. आकस्मिक मृत्यूची नोंद करून आम्ही परतलो.

काही दिवसांनी पहारेकऱ्याची बायको ठाण्यात आली. नंदुरबारकडची, किलवणीत भाड्यानं राहणारी.

"साहेब, रोज दुपारी डबा घेऊन मी जायची. लोक म्हणतात, विमानाला भूत मीच लावलं. हापशीवर पाणी भरू देत नाहीत मले. माझी पोरं दिसली की आया दारं लावतात. भुतानं नाही मारलं, असं कायतरी लिहून द्या."

लिहून काय देणार? मी पुन्हा अथालला गेलो आणि टेकू बाहेर काढायला लावला. त्याच्या माथ्यावर, शेपटीला टेकणाऱ्या गादीवर, हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. शेपटीखाली उभ्या टेकूच्या माथ्यावर कुंकू लावणार कोण आणि कसं?

शिकवणारे मास्तर कोकणातले, विमानतळावर उभी हयात घालवलेले. त्यांना समोर बसवून मी फक्त ती गादी दाखवली.

"टेकू सकाळी मीच काढला, साहेब. वर्षभर ह्यानंच आमची पोरं राखली. सगळी हत्यारं पूजेत आणि हाच बाहेर, मनाला पटेना. फुलांखाली गेला, पोरांना कळलंही नाही. आणि पूजेतलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही."

"परत कधी ठेवलात?"

"पोरं दवाखान्यात गेली तेव्हा. घाबरलो होतो."

शेपटीकडचा माल आधी उतरवायचा आणि पुढचा मागाहून, हे ते रोज घोकून घेत. त्या दिवशी सफाईसाठी पुढचीच पोती काढली होती आणि मागची तशीच होती. पुढे झाडू मारणारा एक मुलगा आत होता, तेवढ्या वजनावर विमान तग धरून होतं. आरती सुरू झाली तसा तोही उतरला.

पंचांसमोर आम्ही तसंच करून पाहिलं. पुढची पोती काढून हवालदाराला आत पुढे उभं केलं, टेकू काढला, शेपटीच्या बाजूचं आवार मोकळं केलं. हवालदार पुढच्या दारातून उतरला. क्षणभर काही झालं नाही. मग कोणी हात न लावता ते धूड आवाज न करता आभाळाकडे पाहू लागलं. कारण ठाऊक असूनही आमच्यातला एक जण दोन पावलं मागे सरकला.

निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. मास्तर जामिनावर सुटले तेव्हा मी त्यांना किलवणीची गोष्ट सांगितली. ते स्वतःहून माझ्यासोबत आले. सकाळी हापशीवर गर्दी असते, तेव्हाच आम्ही गेलो; पहारेकऱ्याची बायको रिकामा हंडा घेऊन बाजूला उभी होती. त्यांनी हात जोडले.

"हिचा माणूस माझ्या चुकीनं गेला. विमानात काही नव्हतं."

भुतावर विश्वास ठेवायला लोकांना पुरावा लागत नाही, तो विश्वास काढून टाकायला मात्र माणूस उभा करावा लागतो, हे मी त्या सकाळी शिकलो. एका म्हातारीनं आपला अर्धा भरलेला हंडा हापशीखालून ओढून घेतला आणि तिला म्हणाली, "भर."

ती पुढे झाली, आपला हंडा हापशीखाली ठेवला. म्हातारीनंच दांडा धरला.