दोन लाल बटणं

रेकॉर्डचं लाल बटण कॉम्प्युटरवर होतं, टेपरेकॉर्डरवरही होतं. मी दोन्ही दाबली. आईची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायची, म्हणजे दोन्हीकडे रेकॉर्ड हवंच, हे माझं शहाणपण. टेपवरचं बटण बसेना. पाहते तर कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला. जुनी झाली बिचारी, म्हणून भोकावर चिकटपट्टी लावली. बटण बसलं. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि घरात सगळे मला हुशार समजत.

तो तुकडा टेपवाल्या काकांनी मुद्दाम मोडला होता, कुणी चुकून पुसू नये म्हणून.

सिंधीपुऱ्यात त्यांचं दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक रस्त्यावर आणि काका आत. कुठल्याही कामाला नाही म्हणायचे नाहीत, फक्त सुस्कारा टाकायचे. टेपचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं मशीन फार महाग आहे म्हटलं, तर सुस्कारा टाकून म्हणाले, “मशीन कशाला, बाई? वायर पाहिजे फक्त.” मेलेल्या हेडफोनची वायर कापली, मध्ये दोन बारीक रेझिस्टर जोडले. “माइकचं भोक नाजूक. टेपचा आवाज तसाच घातला तर फाटतो.”

वायर लावताना ते आवाज आधी शून्यावर न्यायचे, मग केसाकेसानं वाढवायचे. “पहले सुनो, फिर दाबो,” हे मला तीनदा सांगितलं होतं.

आईला लिहिता येत नसे. परगावच्या तिच्या भावाला पत्राऐवजी तिनं ती कॅसेट भरून पाठवली होती; आई गेल्यावर मामानं ती मला दिली. तिचा आवाज दुसरा कुठे नव्हता.

कॉम्प्युटरमध्ये आईचा आवाज येईना, म्हणून मी काकांकडे गेले, तेव्हा ते थकलेले, दुकान आवरायला काढलेलं. त्यांनी कॅसेट लावली. आधी आमचा पंखा. मग कुकरच्या चार शिट्ट्या. मग मी, खिडकीतून केळीवाल्याशी घासाघीस करणारी. आणि एकदम, अर्ध्या वाक्यातून, आई.

काकांनी चिकटपट्टी सोलून काढली. कॅसेट पुन्हा लावून वायर दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली. प्लग दोन्ही हातांनी धरला.

काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आई माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे, पहिली अकरा मिनिटं सोडून. त्या दिवशी मी डोळे पुसत निघाले होते, तेव्हा पाठमोरेच म्हणाले,

“बसा, बाई. त्या बोलताहेत अजून.”