धड नसलेल्या बाईची टाच

आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातून देव आणि भुतं एकाच दिवशी बाहेर गेली, असं बाबा सांगायचे. मीही त्यांचीच मुलगी... लोणावळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, घोरावाडीला राहते, अमावास्येला खुशाल नखं कापते. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय. पण लिहितेच.

मी पाचवीत होते, आम्ही कुसगावात राहायचो. जत्रेत एक तंबू आला होता — 'धड नसलेली बाई'. टेबलावर ताट, ताटात बाईचं मुंडकं. लोकांनी प्रश्न विचारायचे, तिने उत्तरं द्यायची. विचारायचे काय, तर "लगीन करती का माझ्याशी?" वर शेंगांची टरफलं तिच्या तोंडावर मारायचे. तिला चुकवता यायचं नाही, त्यातच सगळी मजा. मीसुद्धा दोन मारली. एक डोळ्यावर बसलं.

बाबांनी घरी युक्ती समजावली. टेबलाच्या पायांमध्ये तिरके आरसे लावलेले असतात, धड त्यांच्यामागे लपलेलं असतं. झालं! दुसऱ्या दिवशी दुपारी चुलतबहीण शीतलला तिकीट काढून आत बसवलं आणि मी तंबूच्या मागे गेले. मुंडकं ओरडलं की शीतलने वर्गात साक्ष द्यायची, असं ठरलं होतं.

कनात वर केली. टेबलाखालून दोन तळवे माझ्याकडे आलेले. भेगाळलेल्या टाचा, बोटांत चांदीची जोडवी. फ्रॉकला बटणाच्या जागी लावलेली सेफ्टी पिन मी काढली आणि डाव्या टाचेत खुपसली. हळूच वगैरे नाही, चांगली आतपर्यंत. वरून "आई गं, टाच!" ऐकू आलं आणि तंबूभर हशा पिकला. मीही तोंड दाबून हसले. रक्ताचा थेंब आला, पाय आत ओढले गेले.

खेळ संपल्यावर मी तिथेच थांबले... तिला लंगडताना बघायला. खरं तेच सांगते. मालकाने कनात सोडली, आरसे काढले, टेबल उचललं. खाली दुसरं कोणीही नव्हतं. बाईला त्याने पोत्यासारखं उचलून बाहेर आणलं, माझ्यासमोर एका खोक्यावर ठेवलं आणि चहा आणायला गेला. तिच्या लुगड्याला मांड्यांखाली गाठ मारलेली होती. गाठीखाली काहीच नव्हतं.

तिने माझ्या हातातल्या पिनेकडे पाहिलं.

"तू टोचलीस व्हय गं?"

मला रडू फुटलं. "तुमचे पाय कुठं गेले?"

"रेल्वेखाली. लगीन हून वरीस झालं न्हवतं." मग ती पुढे वाकली. "कुटं टोचलीस?"

"डाव्या टाचेत."

"जोडवी व्हती बोटात?"

मी मान डोलावली.

ती रागावली असती, तिने शिव्याशाप दिले असते, तर मला समजलं असतं. पण तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिची भीतीच वाटली. माझं मनगट धरून म्हणाली, "अजून एकदा टोच की, पोरी. लय वर्सांनी पाय हायेत असं वाटलं. जा, बघ तितं हायेत का. एकदाच."

मी हात हिसडला. ती खोक्यावरून खाली पडली. पडल्याचा आवाज आला, पण मी वळून पाहिलं नाही, घरापर्यंत पळत सुटले. जत्रा उठल्यावर शीतलने वर्गात साक्ष दिली. वर्गावरच्या बाईंनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

बाबांना खरं काय ते पुढे एकदा सांगितलं. "काहीतरी दुसरं पाहिलं असशील," एवढंच म्हणाले. मला काही समजावून न सांगण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. तुटून गेलेला पायही दुखल्याचा भास होतो हे मलाही माहीत आहे, पण माझ्या पिनेला लागलेलं रक्त कुणाचं होतं?

दरवर्षी सातवीला परावर्तन शिकवताना मी तसलीच आरशांची पेटी करते. मुलं धावत मागे जातात. त्यांच्या आधी मी एकदा बघून घेते. कधीच काही नसतं.

टोचल्याची लाज वाटते, पण ती आता अंगवळणी पडली आहे. तिने मागितलं तेव्हा पिन माझ्या हातात होती आणि टेबलाची जागा चार पावलांवर... तेवढं मी करायला हवं होतं.