नखातलं ग्रीस

हे मी शोभालाही सांगितलेलं नाही. आणि बायकोला न सांगितलेल्या गोष्टी माझ्याकडे फार उरत नाहीत, ती त्या काढून घेते. ही एक मात्र राहिली — कशी राहिली, तेच सांगतो.

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केली, पण टाइम ऑफिसात. सगळी वर्षं हजेरीची रजिस्टरं सांभाळली. माझा लोखंडाशी संबंध कपाटाच्या कडीपुरता! आणि सासरे, म्हणजे मामाजी, भिलाई-3 ला रेल्वेत फिटर. मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. बाहेर उभ्या माझ्या सायकलकडे बोट केलं.

“कोन उघडते हे?” म्हणजे सगळी खोलून साफ कोण करतं.

“मीच.”

असं खोटं कावून बोललो? शोभा दारात उभी होती, दुसरं काय!

“मंग जमलं,” मामाजी म्हणाले. “सोताची सायकल दुसऱ्याकडून उघडून घेते, त्या मानसाले मी पोरगी देत नाही.”

आता सांगा, यानंतर खरं बोलायचं तरी कधी? लग्नाआधी? लग्नानंतर?

सायकल उघडायचा बिसाहू. रुआबांध्याच्या वळणावर करंजाच्या झाडाखाली बसायचा — एक पेटी, एक पंप, पाण्याचं घमेलं, एवढंच दुकान. त्या वेळी शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकली, आणि त्यातल्या कितीतरी बिसाहूच्या हातच्या. चाकातला आऊट, म्हणजे डुगडुग, काढताना तो रिंगजवळ खडू धरून चाक फिरवायचा. जिथं खडू लागला तिथली तार पाव आटा पिळायची, पुन्हा फिरवायचं. शेवटी चाक असं फिरायचं, की फिरतंय हे कळू नये. मी तोंड उघडं टाकून पाहत बसायचो.

महिन्यातून एका रविवारी मी घरी सांगायचो, “अंगणात घासलेट सांडते, मोकळ्यावर जाऊन ओव्हरहॉलिंग करतो.” आणि थेट करंजाखाली. बिसाहूला सगळं ठाऊक होतं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं पहिल्यांदा. मग त्यानंच जबाबदारी घेतली. काम झालं की माझे हात धरून ग्रीस फासायचा, “नाखून में घलो लगा!” — नखांतही लाव — म्हणायचा त्याच्या छत्तीसगढीत, आणि मामाजींना सांगायला एक वाक्य पाठ करून घ्यायचा — पुढच्या चाकाच्या बेअरिंगमधले दोन छर्रे झिजले होते, बदलले. मामाजी घरी आले की मी ते वाक्य टाकायचो, आणि ते मान डोलवायचे. एवढी शाबासकी मला ऑफिसात कधी मिळाली नाही.

पाच वर्षं हे चाललं. त्याच्या पोरीच्या शाळेचे अर्ज मी लिहायचो. माझ्या डब्यातली भाकर तो खायचा, त्याचा तांदळाच्या पिठाचा चिला मी. मित्रच म्हणायचं ना याला? दुसरा शब्द मला तरी सुचत नाही.

त्या रविवारी मामाजी आमच्या सेक्टर 10 च्या क्वार्टरमध्ये आले होते. मी नुकताच ‘ओव्हरहॉलिंग’ करून आलेलो, हात अजून काळे. मामाजी सायकलचं चाक फिरवून पाहत होते — खूश. तेवढ्यात फाटकाशी बिसाहू.

धुतलेला सदरा, तेल लावून बसवलेले केस. सकाळी बोलला नव्हता, घरी येऊनच बोलवायचं ठरवलं असणार. एका हातात पत्रिका, दुसऱ्या मुठीत पिवळे तांदूळ. पोरीच्या लग्नाचं आवतण.

“कोन होय हा?” मामाजींनी विचारलं.

तो काही सांगणार नव्हता हो. पाच वर्षं ज्यानं माझं खोटं माझ्यापेक्षा चांगलं सांभाळलं, तो आज तोंड उघडणार होता का? पण माझी नजर गेली त्याच्या नखांवर — ती माझ्याइतकीच काळी. वाटलं, मामाजी एकदा त्याच्याकडे बघतील, एकदा माझ्याकडे, आणि संपलं.

मी म्हणालो, “किससे काम है? गलत क्वार्टर में आ गए.”

बस. एवढंच.

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, मग शोभाकडे. ती पाण्याचा पेला घेऊन आली होती. “माफी देहू दाई, घर भुला गेंव,” म्हणाला — घर चुकलो. मूठ मिटली, पत्रिका खिशात घातली, आणि सायकलवर टांग टाकून गेला.

“पानी तरी द्या लागत होतं बिचाऱ्याले,” मामाजी म्हणाले.

लग्नाला मी गेलो नाही. करंजाखालीही पुन्हा गेलो नाही. दूरच्या एकाकडून सायकल उघडून घेऊ लागलो. मामाजींनी पहिल्याच महिन्यात चाक फिरवलं आणि म्हणाले, “जावईबापू, हात बिघडला तुमचा.”

मामाजी आता नाहीत. मी रिटायर झालो. मागच्या उन्हाळ्यात शोभाला मागे बसवून स्कूटरवर निघालो होतो, तर रुआबांध्याजवळच पंक्चर. ढकलत ढकलत वळणावर आलो. बिसाहू आता गाड्यांचीही पंक्चरं काढतो. केस पांढरे झालेत. त्यानं मला पाहिलं, शोभाला पाहिलं, आणि खाली बसून टायर उघडायला घेतला.

“कहाँ रहिथव साहेब?” चाकावरची नजर न उचलता विचारलं.

“सेक्टर दस,” मी म्हणालो.

“बने जगा हे,” तो म्हणाला. “मैं कभू नइ गे हंव.” जागा चांगली आहे, पण तो तिथं कधी गेलेलाच नाही.

शोभा बाजूलाच उभी होती. मी पंक्चरचे किती होतील ते विचारलं.