माझ्या पाठोपाठ

आईने तो विषय सकाळी चहाच्या वेळी काढला. भावाच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, नामकरण येत्या रविवारी आमच्या वस्तीतल्या समाजभवनात ठरलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईला कप नीट धरता येत नसे, म्हणून मी बशीत चहा ओतून तिच्यापुढे धरला. एक घोट घेऊन ती म्हणाली, "वंदना तू घेजो वं."

आमच्याकडे नामकरण असो, लग्न असो की कोणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन, सुरुवात वंदनेने होते. एकजण पुढे बसून माइकवर त्रिशरण-पंचशीलाची एकेक ओळ म्हणतो आणि बाकीचे हात जोडून पाठोपाठ तीच ओळ म्हणतात. याला वंदना घेणं म्हणतात. आमच्या वस्तीत ती वर्षानुवर्षं आईने घेतली. पांढरी साडी नेसून ती पुढे बसली की मागे गप्पा हाणणारे पुरुषसुद्धा सरळ व्हायचे. लहानपणी तिच्या मांडीला मांडी लावून मीही घ्यायची. पाठांतर पक्कं, आवाज खणखणीत आणि भीती कशाशी खातात ते ठाऊक नाही. त्या पोरीचा मला हेवा वाटतो, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येतो.

"मले नाही जमत," मी म्हटलं.

"काहून? पाठ नाही का तुले?"

पाठ होतं. झोपेतून उठवलं तरी म्हणू शकले असते. पण झोपेतून उठवणं वेगळं आणि भरल्या सभागृहात माइक हातात देणं वेगळं.

मी एका खाजगी शाळेत शिकवत होते. एका वर्षी स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. दुसऱ्याच वाक्याला डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. समोर पालक, डोळ्यांवर दिवे, आणि माइकमधून सगळ्यांना ऐकू जाणारा माझा श्वास. एका सहकारी बाईंनी हसतहसत माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि कार्यक्रम पुढे नेला. कोणी रागावलं नाही, कोणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी पटसंख्या घटली म्हणून शाळेने आम्हा काहीजणींना कमी केलं. माझ्या डोक्याने मात्र पटसंख्या वगैरे काही मानलं नाही. त्याचं म्हणणं, माइकमुळेच नोकरी गेली. मग बाकीच्या का गेल्या, त्यांनी तर माइक हातात धरलाही नव्हता, असं मी त्याला विचारायची. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचं.

तेव्हापासून मी घरी बसून टायपिंगची कामं घेते. फोन वाजला की वाजू देते. इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला गेलो तर भाव भाऊ करतो आणि मी त्याच्या पाठीमागे पिशवी धरून उभी राहते. सकाळी डोळे उघडायच्या आत डोकं सुरू होतं. तुझ्याच्यानं काही होत नाही. तू हुशार कधी नव्हतीसच, आईची पोरगी म्हणून लोक कौतुक करायचे. आता लोक समजून घेतात, म्हणून निभतंय. ब्रश करताना, कुकर लावताना, काम करताना, हीच रेकॉर्ड.

भावाने एकदा ओढत धरमपेठेतल्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं होतं. बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, वाईट विचार आला की त्याला पुरावा मागा. आता माझ्या मनाचा स्वभाव त्यांना काय माहीत! ते कोर्टातल्या मुरलेल्या वकिलासारखं पुराव्यांचा गठ्ठा बगलेत मारूनच येतं. त्यांनी असंही सुचवलं की जवळच्या मैत्रिणीशी बोलावं तसं स्वतःशी बोला. मी मैत्रिणींना फोन करणं कधीच सोडलं होतं, त्यामुळे नमुन्यालाही कोणी हाताशी नव्हती. तरी त्यांचं एक वाक्य मी जपून ठेवलं. भीती जायची वाट पाहत बसू नका, तिला सोबत घेऊन जा.

भाऊ संध्याकाळी आला तेव्हा आईने पुन्हा विषय काढला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "राहू दे न आई, ताईले काहून टेन्शन देऊन राहिली? माझे सासरे घेतीन वंदना. तिकडं कन्हानच्या विहारात तेच घेतात."

त्याचे सासरे खाणीतून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज असा की नदीच्या या काठावरून म्हणावं आणि त्या काठाने पाठोपाठ म्हणावं. मला एकदम हलकं वाटलं. सुटले, असंच वाटलं.

आई एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "आपल्या घरचा कार्यक्रम आहे. तुले नाही जमत तर राहू दे. मंग मी घेतो."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

झटक्यानंतर आईची जीभ जड झाली होती. घरात आम्हाला तिचं सगळं समजायचं, बाहेरच्यांना नाही. काही दिवसांपूर्वी औषधाच्या दुकानात तिने मलमाचं नाव सांगितलं, तर दुकानदार तिच्याकडे न बघता मलाच म्हणाला, "काय म्हणून राहिल्या त्या?" बाजूला उभी असलेली एक पोरगी तोंडावर ओढणी धरून हसली. त्यानंतर आई घराबाहेर तोंड उघडेना. ज्या आवाजावर अख्खी वस्ती हात जोडायची तो आवाज तिने स्वतःच मिटून ठेवला होता. आणि आता माझ्यामुळे ती तोच आवाज घेऊन कन्हानच्या पाहुण्यांसमोर बसणार होती.

दुसऱ्या दिवसापासून ती सराव करायला लागली. मी आत टायपिंग करत असले की बाहेरून यायचं. एक ओळ, मग थांबणं, मग तीच ओळ पुन्हा. शब्द एकमेकांत मिसळायचे. मी पंखा वाढवायची, म्हणजे ऐकू येणार नाही. मला तिचा राग येत होता. ही मुद्दाम करते आहे, मला कोंडीत पकडते आहे, असंही वाटलं. आणि त्याच्या मागोमाग ती रेकॉर्ड: बघ, आजारी आईला पुढे करून तू मागे लपलीस. या वेळी मात्र पुरावा मागायची सोय नव्हती. पुरावा बाहेरच्या खोलीत बसून चौथ्यांदा तीच ओळ म्हणत होता.

शनिवारी तिला औषध देताना मी म्हटलं, "उद्या मीच घेते."

ती म्हणाली, "माझी पांढरी साडी नेस. तुझी पिवळी पडली."

रविवारी मी आईची साडी नेसले. समाजभवन भरलं होतं. समोर मूर्ती, तसबीर, मेणबत्त्या, अगरबत्तीचा धूर. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आईची खुर्ची पहिल्या रांगेत, आणि तिच्या शेजारी कन्हानचे व्याही, भावाचे सासरे. मी पुढे बसले तसे ते वाकून म्हणाले, "बाई, कुठं अडलं तर सांगजा. मी आहोच." त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं. मला मात्र ऐकू आलं, तू अडणारच आहेस.

माइक हातात आला. तोच थंड, जड दांडा. मी पहिली ओळ म्हटली. आवाज कापरा निघाला. आणि मागून सगळ्यांचा आवाज आला, माझीच ओळ घेऊन. हे मी विसरूनच गेले होते. शाळेच्या त्या स्टेजवर माझ्या वाक्यानंतर शांतता होती. इथे प्रत्येक ओळीनंतर मला श्वास घ्यायला वेळ मिळत होता. त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. आवाज जागेवर येत होता.

आणि नेमक्या त्याच वेळी डोक्यातून आलं, अरे वा, जमतंय की! पण किती वेळ?

पाचही शीलांचा शेवट एकसारखा आहे. शेवटावर आलं की पुढचं कुठलं, एवढंच भान ठेवायचं असतं. तेच सुटलं. तिसऱ्यानंतर मी थेट पाचवं सुरू केलं, दारू-नशेपासून दूर राहण्याचं. लोकांनी विश्वासाने पाठोपाठ म्हटलं, मागचे पुरुष तर जरा जोरातच. पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी गाळलं होतं. भाचीच्या नामकरणात, आईच्या साडीत, कन्हानच्या पाहुण्यांसमोर.

मी थांबले. माइकमधून माझा श्वास ऐकू यायला लागला. तोच श्वास. व्याह्यांनी जोडलेले हात सोडवले आणि उजवा हात माइककडे पुढे केला. तो हात मी ओळखत होते. शाळेच्या त्या स्टेजपासून तो माझ्याकडे येतच होता. आता माइक देऊन टाकावा, घरी जावं, आणि पुन्हा कधी दाराबाहेर पडू नये.

तोंडातून निघून गेलं, "चुकलं."

मी ते स्वतःशी म्हटलं होतं, रोज सकाळी म्हणते तसं. पण माइक ओठांशी होता.

आणि अख्ख्या समाजभवनाने, हात जोडून, त्याच चालीत, पाठोपाठ म्हटलं, "चुकलं."

व्याह्यांनीही म्हटलं, त्यांच्या त्या खाणीतल्या आवाजात, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. सवयच ती. पाठोपाठ म्हणायचं तर हात जोडायला हवेत, म्हणून त्यांचा पुढे आलेला हात आपोआप मागे गेला आणि दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मागे एक पोर खुदकन हसलं. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा एकाच बाजूने हसतो आता, पण ती हसत होती, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला स्वतःचं हसू आवरेना. लाज वाटत होती आणि हसू येत होतं, दोन्ही एकदम. मी पदराने तोंड पुसलं आणि चौथं शील घेतलं. मग पाचवं पहिल्यापासून. लोकांनी दोन्ही म्हटली, जणू वंदना अशीच असते.

नंतर बाळाचं नाव ठेवलं, टाळ्या झाल्या, जेवणावळ बसली. व्याही ताट घेऊन माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "मी तं ध्यान न देताच म्हणून टाकलं बाई. लोकं हसून राहिले मले." ते खरंच ओशाळले होते. मी वाढणाऱ्याला त्यांच्या ताटात अजून भात वाढायला सांगितलं.

कोणाला वाटेल, त्या दिवसानंतर माझं डोकं गप्प झालं. तसं काही झालं नाही. सोमवारी सकाळी डोळे उघडायच्या आत ते हजर होतं. सगळ्यांसमोर चुकलीस. आईच्या साडीत चुकलीस. आता वस्तीत वर्षभर हेच बोलतील. मी उठले, चहाचं आधण ठेवलं, आणि कंटाळून, जरा चिडूनच, मोठ्याने म्हटलं, "हो, चुकलं."

बाहेरच्या खोलीत खाट करकरली. आणि आईने जड जिभेने, वंदनेच्या चालीत, पाठोपाठ म्हटलं, "हो, चुकलं."