घड्याळजींची काळी बाटली

गल्लीत कुजबुज अशी होती, की घड्याळजी थेंब घेतात.

पितात म्हणायची सोय नव्हती. पिणारा माणूस झोकांड्या खातो, भांडतो, निदान गाणं तरी म्हणतो. घड्याळजी नुसते तरंगायचे. दुकानाच्या पायरीवरून असे उतरायचे, जणू खाली फरशी नसून पाणी आहे. शेजारच्या घरातल्या वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तर सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. त्यांची नजर अशी, की सुईत दोरा ओवताना सुईकडे बघायची गरज नाही. ती नजर शेजारच्या खिडकीसाठी मोकळी. दिवस कलला, की दुकानामागच्या खोलीत घड्याळजी एक काळी बाटली काढत, तिच्यात बारीक सुई बुडवत, वाडग्यात थेंब सोडत आणि वाफेपुढे डोळे मिटून हसत बसत.

"हसत!" शिंपीणबाई सांगत. "बायको जाऊन वर्ष नाही झालं, आणि हसतोय मेला!"

बायको गेली ती स्वयंपाकघराची किल्लीच घेऊन गेली म्हणायची. गावातल्या प्रत्येक घड्याळाच्या पोटात काय आहे हे घड्याळजींना ठाऊक होतं. मीठ कुठल्या डब्यात आहे हे चहा खारट झाल्यावर कळलं. लेक दूरच्या शहरात. तिचा फोनवर एकच हेका, "बाबा, तुम्हाला धड जेवता येत नाही. दुकान बंद करा, नाहीतर मी येऊन घेऊन जाते."

तिच्या घरी वेळ भिंतीवर हिरव्या आकड्यांत चमकायची. टिकटिक नाही, टोल नाही. नुसत्या आठवणीने घड्याळजी हाताशी असेल त्या घड्याळाला चावी देऊ लागत. दुकान हातचं जाऊ द्यायचं नसेल, तर आपलं पोट आपल्याला भरता येतं हे लेकीला दाखवणं भाग होतं.

म्हणून ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथे नूडल्सच्या पुड्यांशेजारी रामेनच्या, म्हणजे जपानी रश्श्यातल्या नूडल्सच्या, सॉसच्या बाटल्या उभ्या होत्या. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक बाटली उजेडात तिरकी केली. पांढरट तिळाचा सॉस काचेवर रेंगाळला. तपकिरी, मिसो नावाचा घट्ट सॉस जुन्या घड्याळातल्या चिकटलेल्या वंगणासारखा हललाच नाही, तेव्हा घड्याळजी शहारले. काळा सोयाबीनचा मात्र उत्तम तेलासारखा सरसर धावला.

"काका, विकत घेताय की दुरुस्तीला नेताय?" दुकानदारीण म्हणाली.

"ही काळी द्या. करायचं कसं?"

"काही नाही हो. नूडल्स उकळायच्या, वाडग्यात गरम पाणी घ्यायचं, त्यात हे घालायचं. पण बेताने हं! कडक असतं."

बेताने! ज्याने जन्मभर गिऱ्हाइकांना दरडावलं, की घड्याळ तेलावाचून मरत नाही, तेलात बुडून मरतं, त्याला 'बेताने' शिकवायचं? घड्याळजींनी घरी येऊन तेल द्यायची सुई काढली, धुऊन पुसली, आणि वाडग्यात एक थेंब सोडला. मन मोठं करून दुसराही सोडला.

काळा धागा पाण्यात उलगडला आणि विरला. घड्याळजींनी घास घेतला. परदेशी जेवण हलकं असतं असं ते ऐकून होते; इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं.

मग ती रीतच झाली. संध्याकाळी दुकानातली दुरुस्तीची घड्याळं आपापली वेळ सांगत राहायची. एकाची सकाळ, दुसऱ्याची दुपार. वाफ वर चढायची, भिंत हळूच हलायला लागायची, आणि कुठल्याशा घड्याळातल्या दुपारी बायको खिडकीतून चुलीकडे जायची. बोलायची नाही. पातेल्यावरचं झाकण सरळ करायची, बस. घड्याळजी हसायचे ते तिला बघून. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी टोच्याने नवं भोक पाडलं, मग आणखी एक. लेकीला फोनवर सांगायचे, "रोज रामेन खातो, बयो. अगदी झकास."

पण शिंपीणबाईंचाही फोन गेला होता. "सांगू नये, पण सांगते हो..."

लेक आली ती रिकामी बॅग घेऊनच. बापाची बसलेली गालफडं बघून दारातच थबकली. "बाबा, ती काळी बाटली कुठाय?"

घड्याळजींचा चेहरा उजळला. "तुला कुणी सांगितलं? बस, तुलाही देतो."

लेकीने कपाळावर हात मारला. त्यांनी नूडल्स उकळल्या, पाणी ओतलं, सुई बुडवली. "पाहुणी आहेस, तुला तीन थेंब."

लेकीने घास घेतला. वाडग्यात वाकून पाहिलं.

"बाबा, हे गरम पाणी आहे."

"नाजूक चव असते ती. सावकाश कळते."

"कधी?"

"मलाही अजून कळायचीय."

लेकीने बाटली उलटी फिरवली. मागे परक्या लिपीत बारीक मजकूर, आणि खाली एक चित्र. "हे काय काढलंय?"

"चमचे आहेत. दोन."

"मग?"

"मला वाटलं, ढवळायला."

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाही. मग तिने दोन चमचे भरून काळा सॉस बापाच्या वाडग्यात ओतला, वर उकडलेलं अंडं कापून ठेवलं. पाणी गडद झालं, खोलीभर खमंग वास पसरला. घड्याळजींनी घोट घेतला आणि मिटलेले डोळे खाडकन उघडले. ते वाडगं संपलं, मग लेकीचं, मग आणखी एक.

दुसऱ्या दिवशी लेक मुद्दाम हात बांधून बसली. "आता तुम्ही करा. मी बघते." घड्याळजी दुकानात जाऊन तो तपकिरी मिसोसुद्धा घेऊन आले. चमच्याने मोजून घातला, कांद्याची पात टाकली, आणि लेकीने वाडगं चाटूनपुसून साफ केलं. बॅग तिने परत नेली ती बापाच्या कपड्यांविना. त्यांनी तिच्यात एक टिकटिकणारं गजराचं घड्याळ ठेवलं होतं, त्यामुळे बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना, ते सोडा.

पट्टा जुन्या भोकावर आला. घड्याळजी पायरी खाडखाड उतरू लागले. गल्ली म्हणाली, लेकीने थेंब सोडवले. अजूनही ते कधी कधी वाफेपुढे डोळे मिटून बसतात, पण खिडकीतून कुणी येत नाही. पोट भरलेलं असतं, झोप लागते.

बाटलीत सोयाबीनचा खारट सॉस होता. घड्याळजी उपाशी होते, म्हणून त्यांना चक्कर येत होती.