दोन्हीकडून तोडलेलं

लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला बरोबरीचे लोक ‘अधांतरी’ म्हणत. दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळल्याशिवाय ह्याला घास उतरत नाही, अशी त्याची टिंगल चालायची आणि तोही हसायचा. माणूस भला, पण हेकट. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात त्याने एक नियम ठोकून बसवला होता. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आधी वीज तोडायची, एकीकडून नव्हे, दोन्हीकडून, आणि मगच दाराला हात घालायचा.

आता हा नियम लिफ्टचा. तो पोटच्या पोराला कुणी लावतं का? पण ह्याने लावला.

पोरगा विशी ओलांडलेला, एकुलता एक. नोकरी सुटली आणि त्यानंतर त्याचं काय बिनसलं कुणास ठाऊक, खोलीचं दार आतून लागलं ते लागलंच. आई दाराशी ताट ठेवायची, थोड्या वेळाने रिकामं उचलायची. अंघोळीपुरता तो बाहेर यायचा, तोही घरात सामसूम बघून. आत होतं ते फक्त गेमचं मशीन, टीव्ही आणि कानावरचा हेडफोन. अधांतरीची पाळी दुपारनंतरची, त्यामुळे संध्याकाळचं घर त्याला ठाऊकच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तेवढं दाराआडून हसू ऐकू यायचं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आईबापाशी बोलायला ह्याच्या तोंडात शब्द नाही, आणि परक्यांशी खिदळतो!

शेवटी त्याने नेटवाल्याला गाठलं. घरातलं नेट राहू दे, फक्त त्या मशीनचं तोडता येतं का, असं विचारलं. नेटवाला म्हणाला, त्यात काय मोठंसं. प्रत्येक मशीनला कारखान्यातूनच एक पत्ता मिळतो, मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात त्याला. आकडे आणि इंग्रजी अक्षरं, दोन-दोनच्या जोड्या. मशीनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची माहिती उघडा, तिथे दिसेल. तो पत्ता राउटरच्या बंदीच्या यादीत टाका, की त्या मशीनपुरतं नेट बंद. राउटरमध्ये शिरायचं कसं, तेही त्याने मोबाइलवर दाखवून दिलं.

एका सकाळी पोरगा अंघोळीला गेला आणि अधांतरी चोरपावलांनी त्याच्या खोलीत शिरला. कोंदट वास, गुंडाळून टाकलेलं पांघरूण, मशीनचा मिणमिणता दिवा. बटणं दाबत दाबत त्याने ते पान शोधलं. बघतो तर पत्ते दोन. एक वायरने जोडायचा, एक बिनवायरचा. आता ह्यातला कामाचा कोणता? दुसरा कुणी असता तर चौकशी करत बसला असता. ह्याने दोन्ही तळहातावर उतरवले आणि राउटरमध्ये दोन वेगवेगळ्या पानांवर दोन्ही टाकून दिले. बायकोला सांगितलं नाही. आता येईल झक मारत बाहेर, असं मनाशी म्हणत तो कामावर गेला.

पोरगा आला बाहेर, नाही असं नाही. राउटरचे दिवे बघितले, आईच्या मोबाइलवर नेट चालतंय हे बघितलं, ‘मशीन गेलं वाटतं’ एवढंच म्हणाला आणि परत आत. त्या दिवसापासून ताटं भरलेली परत यायला लागली. आधी अर्धी, मग जशीच्या तशी. अंघोळही थांबली. खोलीतून ना हसू, ना खोकला. सुट्टीच्या संध्याकाळी अधांतरी बाहेरच्या खोलीत बसून ती शांतता ऐकत होता.

बायको न जेवलेलं ताट घेऊन समोर आली ती उभीच राहिली. रडवेल्या आवाजात म्हणाली, ते मशीन आजच्या आज दुरुस्त करून आणा, कसंही करा. तो म्हणाला, अगं, मशीनशिवाय लोक जगत नाहीत का?

“अहो, तुम्हाला काय माहीत,” ती म्हणाली. “रोज खेळ संपताना पलीकडचे खेळगडी त्याला विचारत असणार, उद्या येणार ना? तो ‘उद्या येईन’ म्हणायचा. दाराला कान लावून मी तेवढं ऐकायची, मग मला झोप लागायची. तो फक्त त्यांनाच म्हणतो हो तसं.”

 मशीनला काही झालेलं नाही, मीच तोडलंय, असं अधांतरीने सांगून टाकलं.  तिने ताट खाली ठेवलं आणि त्याचा मोबाइल त्याच्या हातात दिला.

त्याने राउटर उघडला, यादीतला पत्ता खोडला, आणि धावत दाराशी जाऊन मशीन लाव म्हणून विनवलं.  मग आत मशीन सुरू झाल्याचा बारीक आवाज आला. नवराबायको दाराला कान लावून उभे.

“नाही लागत,” आतून आवाज आला. “राहू दे आता.”

कितीतरी दिवसांनी पोराचा आवाज कानावर पडला होता, पण असा! जिवाला विटलेल्या माणसाचा वाटावा असा. आणि तेव्हा अधांतरीच्या डोक्यात लखकन उजेड पडला. दोन्हीकडून तोडलंय मी, मूर्खा, दोन्हीकडून! खोडला तो वायरचा पत्ता. मशीन चालतं बिनवायरवर, आणि तो पत्ता दुसऱ्या पानावर तसाच आहे. तो दुसरं पान शोधत राहिला, चुकला, परत शिरला, एकदाचा तोही पत्ता खोडला.

पण आता आतून काही हालचालच होईना. हाका मारून झाल्या. आईने दार बडवलं. जगातलं कुठलंही दार उघडणारा हा माणूस, त्याला हत्यार आणायचंही सुचेना. दाराला कपाळ टेकून तो बोलत सुटला. “मशीन बिघडलेलं नाही रे. तू अंघोळीला गेलास तेव्हा मी खोलीत शिरलो, चोरासारखा. पत्ता घेतला आणि मीच तोडलं तुला. मला वाटलं, तू बाहेर येशील. चुकलो मी, बाळा. आता जोडलंय. एकदा लाव, फक्त एकदा.”

कडी निघाली ती बऱ्याच वेळाने. दारात पोरगा उभा होता, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले. मागे टीव्हीवर खेळ उघडलेला. त्याच्या हातातल्या हेडफोनमधून चारपाच आवाज एकदम येत होते. त्याने तो बापापुढे धरला.

“कुठे होतो म्हणून विचारतायत,” तो म्हणाला. “मला नाही सांगता येत. तुम्ही सांगा.”

अधांतरीने हेडफोन कानाला लावला. मी ह्याचा बाप, ह्याचं नेट मी तोडलं होतं, असं त्याने कसंबसं सांगितलं.  कुणी त्याला बोल लावला नाही. मग एका मुलीने, ओळख ना पाळख, अगदी हळू विचारलं, “काका, पण तो आहे ना?”

त्याने समोर बघितलं. पोरगा चौकटीला धरून उभा होता आणि आईने त्याचा दंड घट्ट पकडला होता.

“आहे,” तो म्हणाला, आणि हेडफोन काढून त्याने पोराच्या कानावर चढवला.